साखवाळचे आचार्य धर्मानंद कोसंबी

पाली भाषेतील बौद्ध ग्रंथांचे जे भांडार सिंहलद्वीप, ब्रह्मदेश आणि सयाम या देशांनी शतकानुशतके जतन केले, ते मराठी वाचकांच्या दारी आणून ठेवणारा थोर पंडित आपल्या गोमंतकातील एका खेड्यात जन्मला, ही गोष्ट आपल्यापैकी कित्येकांस ठाऊक नसते. त्याची घरची बोली कोंकणी होती. लिहिण्यावाचण्याची भाषा मराठी होती. कोणत्याही महाविद्यालयाची पदवी त्याने मिळविली नव्हती, आणि तरीही अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने त्याला चार वेळा आपल्याकडे बोलावून घेतले. हा पंडित म्हणजे आचार्य धर्मानंद दामोदर कोसंबी. बुद्धाचा उपदेश त्यांनी केवळ पोथीतून वाचला नाही. जेवणखाण, वेतन, मानापमान, घरसंसार आणि देशसेवा या नित्याच्या व्यवहारात तो उतरतो की नाही, हे त्यांनी आयुष्यभर स्वतःवर पारखून पाहिले. म्हणूनच त्यांचे चरित्र विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावे असे आहे.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी साष्टी प्रांतातील साखवाळ या गावी झाला. त्या काळी गोमंतकावर पोर्तुगीजांची सत्ता होती, आणि मराठी शिक्षणाची सोय गावोगावच्या पंतोजींच्या शाळांपुरतीच होती. धर्मानंदांची प्रकृती लहानपणापासून नाजूक. शाळेचे शिक्षण थोडक्यात आटोपले आणि ते वडिलांच्या माडांच्या बागेची देखरेख करू लागले. नारळ मोजावे, पाडेल्यांकडे लक्ष द्यावे, शिंपण्याची व्यवस्था पाहावी, असा त्यांचा दिनक्रम होता. कोणीही म्हणाले असते की, या तरुणाचे आयुष्य आता माडांच्या सावलीतच सरणार. परंतु त्यांस वाचनाचा नाद होता. हाती येईल ते मराठी पुस्तक ते वाचून काढीत, आणि तुकारामांच्या अभंगांनी त्यांचे मन विशेष वेधून घेतले होते. त्या काळच्या रीतीप्रमाणे लहान वयातच त्यांचा विवाह झाला. पत्नीचे नाव बाळाबाई.

१८९७ च्या सुमारास त्यांच्या हाती ‘बालबोध’ मासिकाचा एक अंक आला. विनायक कोंडदेव ओक हे हे मासिक मुंबईहून मुलांसाठी चालवीत असत. त्या अंकात भगवान बुद्धाचे लहानसे चरित्र होते. मुलांसाठी लिहिलेली ती चार पाने! परंतु ती वाचून या तरुणाच्या मनात जी ठिणगी पडली ती पुढे पन्नास वर्षे विझली नाही. बुद्ध हा आपला आदर्श, आणि त्याच्या धर्माचे यथार्थ ज्ञान मिळविणे हे आपल्या जन्माचे कार्य, असा त्यांनी निश्चय केला. मुलांच्या नियतकालिकात छापलेले एखादे पान कोणाच्या आयुष्याला केवढे वळण देईल, हे छापणाऱ्यासही सांगता येत नाही.

निश्चय झाला, पण मार्ग कोठे होता? बुद्धाचे मूळ ग्रंथ कोणत्या भाषेत आहेत, ते कोठे मिळतात, कोण शिकवितो, यांपैकी काहीही त्यांस ठाऊक नव्हते. प्रथम संस्कृत शिकले पाहिजे एवढेच त्यांनी जाणले. १८९८ साली वडील वारले. पुढच्या वर्षी त्यांस पहिली कन्या झाली. तिचे नाव माणिक. त्याच १८९९ सालाच्या अखेरीस, घरी पत्नी आणि तान्ही मुलगी असता, त्यांनी गोवा सोडला.

या प्रसंगापाशी आपण थोडे थांबले पाहिजे. ज्ञानाच्या ओढीने घर सोडणाऱ्या पुरुषाचे कौतुक करताना, मागे राहिलेल्या स्त्रीचे कष्ट आपण सहसा विसरतो. बाळाबाईंनी लहान मुलीला घेऊन पतीची वर्षानुवर्षे वाट पाहिली. परतण्याची मुदत नव्हती. केव्हातरी येणाऱ्या पत्रापलीकडे आधार नव्हता. धर्मानंदांच्या विद्येत या माउलीच्या सोसण्याचा वाटा आहे, आणि त्यांचे चरित्र सांगताना तो न सांगणे न्यायाचे होणार नाही. स्वतः धर्मानंदांसही या कर्तव्याची टोचणी होती, हे त्यांच्या पुढील वर्तनावरून दिसून येते.

पुण्यास ते डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना भेटले आणि काही काळ तेथे त्यांनी संस्कृताचा अभ्यास केला. परंतु शास्त्रोक्त अध्ययन काशीसच होईल, म्हणून ते उत्तरेकडे निघाले. वाटेत इंदूर, उज्जैन आणि ग्वाल्हेर येथे त्यांचा मुक्काम झाला. काशीस राहून त्यांनी गंगाधरशास्त्री तेलंगांसारख्या पंडितांजवळ अध्ययन केले. जेवण अन्नछत्रात, वस्त्र मिळेल ते, राहण्यास मिळेल ती जागा. उन्हाळा कडक आणि थंडी त्याहून कडक. अशा स्थितीत हा कोंकणपट्टीतला अशक्त तरुण व्याकरणाची सूत्रे घोकीत बसे.

१९०२ साली ते नेपाळात गेले. बुद्धाच्या जन्मभूमीजवळच्या त्या देशात तरी त्याचा धर्म जिवंत असेल अशी त्यांची आशा होती. डोंगरांची खडतर वाट चालून ते काठमांडूस पोहोचले, पण तेथील बौद्धधर्माची अवस्था पाहून त्यांची निराशा झाली. दुसरा कोणी असता तर तेथूनच घरी परतला असता. धर्मानंद बुद्धगयेस आले. तेथे त्यांस कळले की, बौद्ध ग्रंथांचे अध्ययन करावयाचे असेल तर सिंहलद्वीपास गेले पाहिजे. कलकत्त्याच्या महाबोधी सभेचे साहाय्य घेऊन त्यांनी तीही वाट धरली.

कोलंबो शहरात विद्योदय नावाचे प्रसिद्ध विद्यालय होते, आणि सुमंगलाचार्य हे विद्वान महास्थविर त्याचे प्रमुख होते. त्यांच्याजवळ राहून धर्मानंदांनी काषायवस्त्र धारण केले आणि पालीच्या अध्ययनास आरंभ केला. ज्या ग्रंथांसाठी घर सोडले ते आता समोर होते. परंतु लिपी सिंहली, लोकांची भाषा निराळी आणि तेथील अन्न तर त्यांच्या प्रकृतीस मुळीच मानवेना. तरी त्यांनी नेटाने अभ्यास चालविला. पुढे ते ब्रह्मदेशात गेले. तेथील विहारांत राहून त्यांनी ब्रह्मी लिपीतील ग्रंथ वाचले आणि ध्यानाचा अभ्यास केला. भारतातील बौद्ध तीर्थांची यात्राही त्यांनी याच वर्षांत केली. साखवाळ सोडून सहासात वर्षे लोटली होती. आता ते पालीचे अधिकारी पंडित झाले होते.

येथे त्यांच्या पुढे प्रश्न उभा राहिला. मिळविलेले हे ज्ञान विहाराच्या भिंतींआड ठेवावे, की आपल्या लोकांस द्यावे? १९०६ साली ते कलकत्त्यास आले. बंगालच्या फाळणीने तेव्हा सारा देश ढवळून निघाला होता, आणि राष्ट्रीय शिक्षणाची चळवळ जोरात होती. नव्याने निघालेल्या राष्ट्रीय विद्यालयात, आणि सर आशुतोष मुकर्जी यांच्या पुढाकाराने कलकत्ता विद्यापीठातही, त्यांनी पाली शिकविण्यास आरंभ केला. भिक्षूचा वेष त्यांनी उतरविला आणि बाळाबाईंना आपल्याजवळ आणून पुन्हा संसार मांडला. भिक्षुधर्म सोडून गृहस्थ होणे पुष्कळांस पीछेहाटीसारखे वाटेल. धर्मानंदांच्या दृष्टीने मात्र धर्म हा वस्त्राच्या रंगात नव्हता. अंगावर घेतलेले कर्तव्य पार पाडणे हाही धर्मच होता.

परंतु आपण मराठी माणसांत जाऊन बुद्धाचा उपदेश मराठीत सांगावा, ही तळमळ त्यांस स्वस्थ बसू देईना. याच सुमारास बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांची त्यांच्याशी गाठ पडली. महाराष्ट्रात कोठेही राहावे, वर्षाकाठी एक ग्रंथ लिहून द्यावा आणि दरमहा पन्नास रुपये घ्यावेत, अशी महाराजांनी योजना केली. विद्यापीठात याहून अधिक वेतन मिळत होते आणि पुढेही मिळणार होते. तरी धर्मानंदांनी कलकत्ता सोडली आणि पन्नास रुपये पत्करले. बडोद्यास त्यांनी दिलेली व्याख्याने १९१० साली ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ या नावाने प्रसिद्ध झाली. बौद्धांच्या अष्टांगिक मार्गात सम्यक् आजीव म्हणजे योग्य उपजीविका हे एक अंग आहे. आपली भाकरी कोणत्या कामातून येते याचा विचार धर्मात मोडतो, असे बुद्धाने सांगितले. धर्मानंदांनी तो विचार पगाराच्या आकड्यापुढेही सोडला नाही.

याच काळात हार्वर्ड विद्यापीठाचे डॉ. वुड्स पालीच्या अभ्यासासाठी त्यांच्याकडे आले, आणि त्यांच्या आग्रहावरून १९१० साली धर्मानंद अमेरिकेस गेले. काम मोठे होते. पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषाने सिंहलद्वीपात ‘विसुद्धिमग्ग’ नावाचा ग्रंथ रचला. शील, समाधी आणि प्रज्ञा या तीन पायऱ्यांनी मनुष्याने चित्तशुद्धी कशी साधावी, याचे त्याच्या तेवीस परिच्छेदांत सांगोपांग वर्णन आहे. वॉरन नावाच्या अमेरिकन पंडिताने त्याची प्रत सिद्ध करण्यास घेतली होती, पण १८९९ साली तो वारल्यामुळे काम अपुरे राहिले. निरनिराळ्या लिपींतील हस्तलिखिते ताडून शुद्ध पाठ ठरविण्याचे हे काम धर्मानंदांनी हाती घेतले. परंतु ग्रंथावर संपादक म्हणून कोणाचे नाव कसे घालावे, यावरून तेथील प्राध्यापक लॅनमन यांच्याशी त्यांचा मतभेद झाला. आपण केलेल्या श्रमाचे श्रेय नाकारले जात आहे असे दिसताच ते १९१२ साली काम सोडून स्वदेशी परतले. मोठ्या विद्यापीठापुढे त्यांनी मान तुकविली नाही. पण मनात कटुताही धरली नाही, कारण पुन्हा बोलावणे आले तेव्हा त्याच ग्रंथासाठी ते पुन्हा गेले. १९१८ ते १९२२, त्यानंतर १९२६-२७ आणि शेवटी १९३१-३२ असे तीन वेळा ते परत तेथे राहिले. तो ग्रंथ हार्वर्डमधून प्रसिद्ध झाला १९५० साली, त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी. परंतु भारतीय वाचकांसाठी त्याची देवनागरी आवृत्ती त्यांनी स्वतः १९४० साली मुंबईस काढली होती. स्वाभिमान ठेवावा, पण रुसून काम बुडवू नये, हा धडा या प्रकरणातून घेण्यासारखा आहे.

पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात १९१२ ते १९१८ या काळात ते पालीचे प्राध्यापक होते. मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पालीला स्थान मिळावे म्हणून डॉ. भांडारकरांच्या साहाय्याने त्यांनी खटपट केली. पु. वि. बापट, ना. के. भागवत यांच्यासारखे त्यांचे शिष्य पुढे स्वतः नामांकित पंडित झाले. १९१८ साली अमेरिकेस जाताना त्यांनी मोठी मुलगी माणिक आणि अकरा वर्षांचा मुलगा दामोदर यांस बरोबर नेले. हा दामोदर म्हणजेच पुढे गणित आणि इतिहास या दोन्ही शास्त्रांत कीर्ती मिळविणारे डी. डी. कोसंबी. माणिकनेही तेथेच पदवी घेतली. मुलीच्या शिक्षणास मुलाच्या शिक्षणाइतकेच महत्त्व देणारे पालक त्या काळी फार थोडे होते.

अमेरिकेतून आल्यावर महात्मा गांधींनी स्थापिलेल्या गुजरात विद्यापीठात त्यांनी काम केले. १९२९ साली ते रशियात लेनिनग्राड येथे बौद्ध संस्कृतीच्या अभ्यासासाठी गेले. गोरगरिबांच्या दुःखाचा प्रश्न समाजवादाने उचलला आहे, हे त्यांस मोलाचे वाटे. परंतु हिंसेने आणलेले सुख टिकावयाचे नाही, म्हणून त्यास बुद्धाच्या करुणेची आणि गांधीजींच्या सत्याग्रहाची जोड हवी, असे त्यांचे मत झाले. १९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा त्रेपन्न वर्षांचा हा पंडित पोथ्या मिटून शिरोड्यास गेला आणि पुढे विलेपार्ल्याच्या सत्याग्रही छावणीत राबला. त्यासाठी त्यांस तुरुंगही पाहावा लागला.

पुढे मुंबईत परळ येथे गिरणीकामगारांच्या वस्तीत ‘बहुजनविहार’ नावाची वास्तू उभी राहिली, आणि १९३७ पासून काही काळ धर्मानंद तेथे राहिले. ज्यांस समाजाने अस्पृश्य म्हणून दूर ठेवले अशा श्रमिक बांधवांत बसून, त्यांस समजेल अशा साध्या मराठीत, त्यांनी बुद्धाचा उपदेश सांगितला. हार्वर्डच्या ग्रंथालयात बसणारा आणि परळच्या चाळकऱ्यांत बसणारा माणूस एकच होता. त्याच्या बोलण्यात आणि वागण्यात दोन्हीकडे फरक नव्हता.

त्यांचे ग्रंथ पुष्कळ आहेत. ‘बुद्धलीलासारसंग्रह’, ‘समाधिमार्ग’, ‘बौद्ध संघाचा परिचय’, ‘हिंदी संस्कृति आणि अहिंसा’ हे त्यांतील काही. ‘निवेदन’ हे त्यांचे आत्मचरित्र साध्या, निर्मळ मराठीचा नमुना आहे. परंतु सर्वांत गाजलेला ग्रंथ म्हणजे ‘भगवान बुद्ध’. बुद्धाचे चरित्र चमत्कारांच्या जंगलातून बाहेर काढून, जुन्या पाली सूत्रांच्या आधारे तो मनुष्य म्हणून कसा होता, हे त्यांनी दाखविले. वृद्ध, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थ अकस्मात घरातून निघून गेला, ही कथा त्यांस ऐतिहासिक वाटली नाही. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून उठणारे तंटे, शेजाऱ्याने शेजाऱ्यावर शस्त्र उगारावे ही स्थिती, हे त्याच्या गृहत्यागाचे खरे कारण होय, असा विचार त्यांनी मांडला. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बुद्धचरित्रातही रोहिणीच्या पाण्याच्या तंट्यालाच महत्त्वाचे स्थान मिळाले. शेतीच्या पाण्यावरून होणारी भांडणे आपल्या गावांस नवी नाहीत. बुद्धाचा धर्म अशा रोजच्या भांडणाच्या विचारातून निघाला, हे ध्यानात आले म्हणजे तो आपल्यापासून दूर राहत नाही.

आता विद्यार्थ्यांस प्रश्न पडेल की, या धर्मविचाराचा आपल्या नित्य जीवनात उपयोग काय? धर्मानंदांनी ज्या ‘विसुद्धिमग्गा’स आयुष्याची इतकी वर्षे दिली त्यात मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार भावनांचा विस्ताराने विचार केला आहे. मैत्री म्हणजे दुसऱ्याचे हित चिंतणे; करुणा म्हणजे दुःखिताचे दुःख दूर व्हावे अशी इच्छा; मुदिता म्हणजे दुसऱ्याच्या उत्कर्षाने आनंद पावणे; आणि उपेक्षा म्हणजे मनाचा समतोल, बेपर्वाई नव्हे. ही मैत्री वाढवावी कशी, याचाही तेथे क्रम दिला आहे. प्रथम स्वतःविषयी, मग आदरणीय गुरूविषयी, मग प्रिय मित्राविषयी, मग ज्याच्याशी आपला स्नेह नाही आणि वैरही नाही अशा माणसाविषयी, आणि शेवटी वैऱ्याविषयी. एकदम शत्रूवर प्रेम करा असे हा ग्रंथ सांगत नाही. पायरीपायरीने चढा असे सांगतो. वर्गात आपल्यापुढे गेलेल्या मुलाचे मनापासून अभिनंदन करणे ही मुदितेची पहिली पायरी आहे, आणि ती दिसते तितकी सोपी नाही.

दीघनिकायात सिगाल नावाच्या तरुणाची कथा येते. राजगृहाबाहेर तो रोज सकाळी ओल्या वस्त्राने सहा दिशांस नमस्कार करी. बुद्धाने त्याला त्या नमस्काराचा नवा अर्थ शिकविला. आईबाप ही पूर्व दिशा, गुरू ही दक्षिण, पत्नी व मुले ही पश्चिम, मित्र ही उत्तर, सेवक ही खालची आणि श्रमणब्राह्मण ही वरची दिशा. यांच्याशी कर्तव्याने वागणे हेच खरे दिशावंदन. यात एकतर्फी काही नाही. सेवकाने धन्याची चाकरी करावी, तसे धन्यानेही त्याच्या शक्तीबाहेर काम सांगू नये, त्यास अन्नवेतन द्यावे आणि आजारात त्याची शुश्रूषा करावी, असे तेथे सांगितले आहे. आपल्या घरी भांडी घासणाऱ्या बाईशी आपण कसे बोलतो, एवढ्यावरून आपली खालची दिशा पुजली जाते की नाही हे कळेल.

धर्मानंदांचा शेवट गंभीर आहे. उतारवयात शरीर व्याधींनी जर्जर झाले, आणि इतरांवर आपला भार नको असे त्यांस वाटू लागले. १९४६ साली त्यांनी अन्नत्याग आरंभिला, तेव्हा गांधीजींनी त्यांस परावृत्त केले. पुढे सेवाग्रामच्या आश्रमात त्यांनी पुन्हा आहार सोडला आणि ४ जून १९४७ रोजी तेथेच त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या या निर्णयाविषयी थोरांतही मतभेद होते, आणि तो कोणी अनुकरणासाठी पुढे ठेवावा असा नव्हे. त्यांचे मोठेपण त्यांच्या मरणात शोधू नये. ते त्यांच्या सत्तर वर्षांच्या जगण्यात आहे. दुसऱ्याच दिवशी गांधीजींनी दिल्लीच्या प्रार्थनासभेत त्यांचे स्मरण केले. डामडौल न करता कमीत कमी खर्चात आपला अंत्यविधी उरकावा, अशी त्यांची इच्छा होती. आयुष्यभर अंगी बाणलेला साधेपणा त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. अवघ्या दहा आठवड्यांनी देश स्वतंत्र झाला. तो दिवस पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

विद्यार्थिमित्रांनो, धर्मानंदांजवळ पैसा नव्हता, पदवी नव्हती, प्रकृतीही धड नव्हती. होती ती एक जिज्ञासा, आणि ती पुरी होईपर्यंत मागे न फिरण्याचा निर्धार. परंतु जिज्ञासू पुष्कळ असतात. मिळविलेले ज्ञान आपल्या वागण्यात आणि आपल्या लोकांच्या भाषेत उतरविणारे थोडे असतात. जुवारीच्या काठी साखवाळ गाव आजही आहे आणि माडही आहेत. एखाद्या सुटीच्या दिवशी त्या वाटेने जाल, तर माडांखाली बसून ‘बालबोध’ वाचणाऱ्या त्या तरुणाचे स्मरण करा. आणि शाळेच्या ग्रंथालयात ‘भगवान बुद्ध’ असेल, तर ते मागून घ्या व वाचा.